एनआयएच सुधारणा कायदा: २७ची मर्यादा आणि एनकॅट्स

प्रश्न: अमेरिकेच्या एनआयएचमध्ये (वैद्यकीय संशोधनाची सरकारी यंत्रणा) संस्था आणि केंद्रं मिळून २७च्या वर जाता येणार नाही, असं २००६च्या कायद्यात आहे. मग २०११ला संशोधन उपचारांपर्यंत नेण्यासाठीचं एनकॅट्स हे नवं केंद्र कसं उभं राहिलं? आणि दारू व अमली पदार्थांवरच्या दोन संस्था एक करायचं ठरलं होतं ना? त्या अजून वेगळ्याच दिसतात.

प्रतिसाद १: नावात २००६ असलं तरी बुश यांची सही १५ जानेवारी २००७ची आहे. मूळ मजकूर 'पब्लिक लॉ १०९-४८२' या क्रमांकाने शोधा, लगेच सापडेल.

मर्यादा फक्त आकड्यावर आहे. नवं काढायचं तर जुनं एक बंद करायचं. एनकॅट्ससाठी एनसीआरआर हे संशोधन-साधनांचं जुनं केंद्र बंद केलं, पण त्याची कामं वाटून दिली. सीटीएसए अनुदानं (संशोधन रुग्णांपर्यंत नेण्यासाठीची) एनकॅट्सकडे गेली, माकडांवरच्या संशोधनाची प्राइमेट केंद्रं थेट एनआयएचच्या संचालक कार्यालयाकडे आणि कमी निधी मिळणाऱ्या राज्यांसाठीची 'आयडिया' योजना एनआयजीएमएस या मूलभूत वैद्यकीय संशोधनाच्या संस्थेकडे. पाटी कुठली उतरली यापेक्षा चालू अनुदान कुणाच्या अखत्यारीत गेलं, हे आधी बघा. प्रयोगशाळांचा जीव त्यातच अडकलेला असतो.

प्रतिसाद २: 'ठरलं होतं' हे बरोबर नाही. २०१०मध्ये विलीनीकरणाची शिफारस झाली, ती याच कायद्याने नेमलेल्या पुनरावलोकन मंडळाची. हे मंडळ सल्ला देतं, आदेश काढत नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये एनआयएचचे तेव्हाचे संचालक कॉलिन्स यांनी विलीनीकरण नको, दोघांनी समन्वयाने काम करावं, असा निर्णय दिला.

माझ्या मते खरी अडचण पैशाची आहे. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, अर्थसंकल्पात प्रत्येक संस्थेला वेगळ्या ओळीत निधी देते. त्या ओळीमागे रुग्णसंघटना असतात, संशोधक असतात, खासदार असतात. म्हणूनच या कायद्यातला कॉमन फंड मला २७च्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. एका संस्थेच्या चौकटीत न बसणाऱ्या संशोधनाला त्यातून पैसा मिळतो.

प्रश्नकर्ता: मग २७ संस्था-केंद्रांच्या १५ करायचा जो आराखडा आला होता, ते याच कायद्याखाली जमेल?

प्रतिसाद १: तो २०२४चा आराखडा प्रतिनिधीगृहाच्या समितीतल्या रिपब्लिकन सदस्यांचा. २७ ही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे संख्या कमी करायला ती आड येत नाही. पण बहुतेक संस्थांची उद्दिष्टं सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याच्या चौथ्या भागात स्वतंत्र कलमांत लिहिलेली आहेत. एवढी मोठी फेररचना टिकवायची तर ती कलमं आणि निधीच्या ओळी, दोन्ही काँग्रेसकडूनच बदलून घ्याव्या लागतील.