जनरल रजिस्टर उघडा की!

'शाळेच्या स्मरणिकेत बोर्डात आलेले आणि देणगीदार तेवढे झळकतात, बाकीच्यांची माहिती आणायची कुठून?' हे वर कुणीतरी विचारलंय. पहिला भाग शंभर टक्के खरा, पण माहितीच नाही हे पटत नाही. ऑफिसातलं जनरल रजिस्टर बघा: दाखल झालेल्या प्रत्येकाचं नाव, जन्मगाव, आधीची शाळा आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख नि कारण. सातवीतच नाव कमी झालेली मुलगीही त्यात सापडते. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आताचं प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' दाखल झाले, हे अशाच रजिस्टरमुळे कळतं. १९१४ क्रमांकासमोर त्यांची सहीसुद्धा आहे. २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

शिपाई, लेखनिक, प्रयोगशाळेतले परिचर यांच्यासाठी मात्र जुनी मस्टर आणि पगारपत्रकं धुंडाळावी लागतील. आमच्या शाळेत घंटा देणाऱ्या मामांचं पूर्ण नाव पगारपत्रकावरच मिळालं. तोवर सगळ्यांच्या लेखी ते नुसते मामा. आणि हो, रजिस्टरचे फोटो काढाल तेव्हा जातीचा रकाना झाकून घ्या, तो स्मरणिकेत छापायचं काहीएक कारण नाही.