विल्यम ऑफ विकम : बांधकामावरचा कारकून बिशप कसा झाला?

प्रश्न

मध्ययुगीन इंग्लंडचा इतिहास वाचताना विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकम (१३२४–१४०४) यांच्या कारकिर्दीपाशी मी अडलो आहे. हॅम्पशर परगण्यातील एका सामान्य घरात ते जन्मले आणि विद्यापीठात कधी शिकले नाहीत. १३५६ मध्ये विंडसरच्या किल्ल्यावर बांधकामाची देखरेख करण्यासाठी रोजी एक शिलिंगवर त्यांची नेमणूक झाली आणि त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत ते इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत धर्मप्रांताचे बिशप व राज्याचे चॅन्सेलर (राजाचे सर्वोच्च मंत्री) झाले. धर्मशास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसाला एवढे मोठे पद कशाच्या बळावर मिळाले? १३७६ मध्ये त्यांच्यावर जी कारवाई झाली, ती भ्रष्टाचाराबद्दल होती की राजकारणातून?

पहिला प्रतिसाद

त्या काळी अधिकाऱ्यांना द्यायला राजाकडे पुरेसा रोख पैसा नसे, पण चर्चमधील उत्पन्नाच्या अनेक जागांवर माणसे नेमण्याचा किंवा सुचवण्याचा अधिकार त्याच्या हाती असे, हे ध्यानात घेतले की कोडे बरेचसे सुटते. हिशेबात चोख असलेल्या कारकुनाला राजा एखाद्या चर्चचे उत्पन्न लावून देई आणि तिथले पूजाविधी कमी मोबदल्यावर ठेवलेला दुसराच धर्मगुरू पार पाडी. हे आपल्याकडच्या वतनासारखे वंशपरंपरागत नव्हते. मात्र एकाच माणसाकडे अशा अनेक जागा साठत. लंडनमधील सेंट मार्टिन-ल-ग्राँ चर्चचे डीनपद (तिथल्या प्रमुखाची जागा) विकम यांना मिळाले तेव्हा त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षाही मिळालेली नव्हती. ती १३६२ मध्ये मिळाली. १३६६ मध्ये, पोप पाचवे अर्बन यांनी अशा जागांचा तपशील मागवल्यावर, त्यांनी जी यादी सादर केली तिची वार्षिक बेरीज ८७३ पौंडांवर गेली. रोजी एक शिलिंग म्हणजे वर्षाला जेमतेम अठरा पौंड होतात, हे इथे आठवावे. त्याच वर्षी विंचेस्टरच्या मठवासीयांनी राजा तिसऱ्या एडवर्डच्या इच्छेनुसार त्यांची बिशप म्हणून निवड केली. पोपची मान्यता मिळून अभिषेक व्हायला मात्र १० ऑक्टोबर १३६७ उजाडला.

दुसरा प्रतिसाद

कारवाई राजकारणातूनच झाली, पण तीतला एक आरोप अगदीच पोकळ नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. १३७६ च्या ‘गुड पार्लमेंट’मध्ये, म्हणजे दरबारातील गैरकारभाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या संसदेत, दरबारातील लॉर्ड लॅटिमर यांच्यावर खटला चालला, तेव्हा विकम विरोधकांच्या बाजूने उभे राहिले होते. संसद उठल्यावर दरबारी गटाचे नेते राजपुत्र जॉन ऑफ गाँट यांनी विकम यांची जुनी कागदपत्रे बाहेर काढली. आरोपांची यादी लांबलचक असली तरी टिकला तो एकच : जॉन ग्रे ऑफ रॉदरफील्ड यांनी सरकारला द्यायचे ८० पौंडांचे शुल्क विकम यांनी ४० पौंडांवर आणले आणि त्यासाठी सरकारी दप्तरातील नोंद बदलली. याबद्दल त्यांच्या धर्मप्रांताच्या साऱ्या जमिनी जप्त झाल्या आणि दरबाराच्या वीस मैलांच्या परिघात येण्यास त्यांना बंदी झाली. चाळीस पौंडांच्या सवलतीला इतकी शिक्षा म्हणजे न्यायाच्या आडून घेतलेला सूड होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी धर्मगुरूंच्या सभेत लंडनचे बिशप कोर्टनी यांनी विकम यांना बोलावल्याखेरीज राजाला द्यायच्या अनुदानावर विचार होऊ द्यायला नकार दिला. जून १३७७ मध्ये, राजाच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, जमिनी परत मिळाल्या आणि दुसऱ्या रिचर्डच्या अमदानीत १३८९ ते १३९१ या काळात ते पुन्हा चॅन्सेलर झाले.

तिसरा प्रतिसाद

वरचे दोन्ही प्रतिसाद मला पटले, परंतु या माणसाचे मोजमाप केवळ दरबारी कारकून म्हणून होऊ नये, असे मनापासून वाटते. स्वतःला जे शिक्षण मिळाले नाही त्याची सोय त्यांनी इतरांसाठी केली, आणि तीही अर्धवट नव्हे. १३७९ मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज आणि १३८२ मध्ये विंचेस्टरची शाळा, अशा दोन्ही ठिकाणी प्रत्येकी सत्तर विद्यार्थ्यांची तरतूद त्यांनी केली. प्लेगच्या साथीनंतर धर्मगुरूंची वाण पडली होती आणि शाळेत लॅटिनचा पाया पक्का झालेली मुले पुढे कॉलेजात जावीत, अशी ती एकसंध योजना होती. कॉलेजातील ज्येष्ठांनी कनिष्ठांना शिकवावे आणि त्याचा मोबदला घ्यावा, ही व्यवस्थाही नियमांतच घातलेली होती.

बांधकामावरची त्यांची नजर मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. १३९४ मध्ये, सत्तरीत, त्यांनी विंचेस्टर कॅथेड्रलच्या मुख्य दालनाचे काम हाती घेतले. तिथले जाडजूड, जुन्या नॉर्मन शैलीचे खांब सरसकट पाडून न टाकता विल्यम विनफर्ड या प्रमुख गवंड्याने त्यांतले बरेचसे जागच्या जागी तासून घेतले आणि त्यांवर उभ्या, सडपातळ रेषा कोरल्या, त्यामुळे जुन्या दगडाच्या गाभ्यावर नव्या शैलीची कांती चढली. त्याच दालनात, दोन खांबांमधल्या छोट्या प्रार्थनागृहात, त्यांची समाधी आहे आणि कोरीव मूर्तीच्या पायाशी हात जोडून बसलेले तीन छोटे मठवासी आहेत.