दर्ग्यात गेलात, तिथे कुणाकडून काय शिकलात? अनुभव लिहा

चिंचेखालची:
सकाळी शेजारून उदाचा वास आला आणि थेट मिरजेचा मीरासाहेब दर्गा आठवला. उरुसात आजीबरोबर जायचे. चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) आधी, मग बाकीच्यांचे. रात्री चिंचेच्या झाडाखाली गाणं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर आवारातच आहे, त्यांच्या स्मरणार्थ गवई अजून हजेरी लावतात. आजीच्या ओळखीचे एक सतारमेकर तिथे भेटायचे. त्यांनी एकदा सतारीला लावायचा वाळलेला भोपळा माझ्या मांडीवर ठेवला आणि टिचकी मारायला लावली. सगळीकडे टणक आवाज, देठाजवळ मात्र बद्द. "इथं ओल हाय अजून. बाळ, वेल कडूच पायजे, गोड भोपळा कीड खाती." हे भोपळे पंढरपूरकडून येतात, भीमाकाठचे. नवसाचं सगळेच सांगतात, मला असल्या गोष्टी ऐकायच्यात. लिहा गं, लिहा रे.

वरळीचा नातू:
हाजी अली. आमचे आजोबा कोळी, घड्याळ बघायचेच नाहीत. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असली तर आठाचे सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी वर, म्हणजे दुपारी बाराला वाट मोकळी. अमावस्या-पुनवेला उलटं, भर दुपारी बाराच्या सुमारास उधाण, रस्ता पाण्याखाली. पावसाळ्यात उधाण असेल तर आजोबा कुणालाच जाऊ द्यायचे नाहीत, पाहुणा रुसला तरी चालेल.

संध्या_ठाणे:
एकादशीला म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ ना? लेकाने मोबाईलवर भरतीचा तक्ता काढला, जवळजवळ जुळतंय!! दादा, आजोबा आहेत का अजून?

वरळीचा नातू:
नाहीत ताई. करोनात गेले.

संध्या_ठाणे:
अरेरे. फार वाईट वाटलं. हे सगळं लिहून ठेव रे, पोरांना कळायला हवं.

घाटावरचा:
खेड शिवापूर, कमर अली दरवेश. तिथल्या जड दगडाला अकरा जणांनी एकेक बोट लावायचं, दरवेशबाबांचं नाव एका दमात घ्यायचं, दगड वर. आमच्यातला एक आधीच जोर लावत होता, दगड हलेना. तिथले चाचा म्हणाले, "ताकद नको, वेळ साधा." पुढच्या खेपेला खांद्यापर्यंत गेला. आता शेतात मोटर उचलताना तेच करतो, आधी सगळ्यांनी श्वास घ्यायचा, मग एकदम. (कुकर झाला, येतो.)

मराठवाड्याची लेक:
खुलताबादला जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात औरंगजेबाची कबर, वर छत नाही, मातीत सबजा लावलेला. लोक इतिहासावरून भांडतात, मी त्यात पडत नाही. आवारात बसलेल्या एका खालांनी (मावशींनी) सबज्याचं वाळलेलं तुरं तळहातावर चोळून दाखवलं. फुंकर मारली की फोलपट उडतं, काळं बी हातात राहतं. "उन्हाळ्यात रात्री भिजव, सकाळी पी." दरसाल करते. सासूबाईंनाही आवडतं.

पिट्टू:
मिरजेत सतारीची जवारी (तारांखालची घोडी घासून सूर नीट करणं) करून देणारं कुणी माहितीये का? बहिणीची वाजते पण झंकार गेलाय.

चिंचेखालची:
पिट्टू, सतारमेकर गल्लीत जा, कुणालाही विचार. सतार गाडीत आडवी टाकू नकोस, मांडीवर घेऊन बस. आणि मराठवाड्याची लेक, सबजा किती वेळ भिजवायचा? आमच्याकडे अर्धा तासच ठेवतात.

मराठवाड्याची लेक:
अर्धा तासही चालतो गं. खालांनी रात्रभर सांगितलं म्हणून मी तसंच करते.