काम लांबलं, पैसे कोणाचे गेले?

बांधकाम रखडलं की पुढे गेलेली तारीख सगळ्यांना दिसते. त्यात कोणाचे पैसे गेले आणि त्यातले किती परत मिळाले, हे मात्र साइटच्या पत्र्याच्या शेडबाहेर फारसं येत नाही. तुमचा अनुभव लिहा. कंपन्यांची नावं नकोत, तपशील मात्र भरपूर हवेत. सुरुवात मीच करतो.

प्लॅनिंगवाला
पायाची सुधारित ड्रॉइंग्ज कन्सल्टंटकडून उशिरा आली. आम्ही खूश, कारण उशीर त्यांच्या नावावर. पण त्याच आठवड्यांत आमची सळईसुद्धा आलेली नव्हती. ड्रॉइंग वेळेवर मिळालं असतं तरी काम पुढे सरकलं नसतं. असे दोघांचे उशीर एकाच वेळी पडले की सहसा होतं तेच झालं. मुदतवाढ मिळाली, दंड टळला, पण त्या काळातले सुपरवायझरांचे पगार आणि उभ्या क्रेनचं भाडं आमच्याच अंगावर.

प्लास्टरचा सब-काँट्रॅक्टर
तुमचं काम थांबलं ते दिसलं तरी. आमचं एक दिवसही थांबलं नाही, आणि तरी बुडालो. मजले क्रमाने मिळायचे ठरलं होतं. प्रत्यक्षात इथे दोन खोल्या, तिथे जिना, कारण इलेक्ट्रिशियनचे पाइप भिंतीत बसलेलेच नव्हते. हजेरी तीच, पण निम्मा वेळ परांची सोडून दुसरीकडे बांधण्यात जायचा. केलेलं प्लास्टर परत फोडलं ते वेगळंच. दावा टाकला तर उत्तर आलं, "काम तर चालू होतं ना?" वाचवलं मुकादमाच्या वहीनं. कुठल्या मजल्यावर किती गवंडी लावले आणि किती चौरस मीटर झालं, हे तो रोज लिहायचा. खालचे मजले विनाअडथळा झाले होते. तिथला वेग आणि वरचा वेग शेजारीशेजारी मांडला. सगळे नाही, पण बरेच पैसे निघाले.

क्लेमचं काम करणारी
याला आमच्याकडे मेझर्ड माइल म्हणतात. सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या ब्रिटिश संस्थेच्या २०१७ च्या प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे उशिराच्या दाव्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतही, तुलनेला असा निर्वेध टप्पा मिळत असेल तर याच पद्धतीला पसंती आहे. अडचण अशी की बहुतेकांकडे ती वहीच नसते. दुसरं दुखणं नोटिशीचं. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कराराच्या छापील नमुन्यात, ठेकेदाराला अडचण कळल्यापासून २८ दिवसांत दाव्याची नोटीस द्यावी लागते. ती चुकली की मुदतवाढही गेली आणि पैसेही. "आत्ताच पत्र कशाला, संबंध बिघडतील" म्हणणारे प्रोजेक्ट मॅनेजर मी खूप पाहिलेत. संबंध शेवटी बिघडतातच, फक्त हातात पत्र नसतं.

घर बांधणारी
मी तुमच्या धंद्यातली नाही. ठेकेदारानं टोळी दुसऱ्या साइटवर नेली. घरभाडं आणि कर्जाचे हप्ते एकदम चालू, ते तर होतंच. पण पावसात उघड्या राहिलेल्या कॉलमच्या सळया गंजल्या, गोण्यांत सिमेंटचे खडे झाले. टोळी परतल्यावर सळया घासायची मजुरी आणि नवं सिमेंट, दोन्ही माझ्याच बिलात! सिमेंटचे पैसे दिले नाहीत. मजुरीचे द्यावे लागले.

आरसीसीवाला
"ड्रॉइंग येईल नंतर, तुम्ही सुरू करा" हे मी आजही ऐकतो. सिडनी ऑपेरा हाउसचं काम १९५९ मध्ये छताचं डिझाइन पक्कं होण्याआधीच सुरू झालं. पुढे खालचे खांब छताचा भार पेलणार नाहीत म्हणून ते पुन्हा बांधावे लागले. उद्घाटन झालं १९७३ मध्ये, आणि सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. आमच्या इथे नुसतं लिफ्टचं माप बदललं, तरी स्लॅब फोडावे लागले.

प्लॅनिंगवाला
फोडायचे पैसे कोणी दिले?

आरसीसीवाला
"सुरू करा" हे फोनवरच सांगितलं होतं. मी त्याच संध्याकाळी "आपल्या सूचनेनुसार काम सुरू करत आहोत" अशी मेल टाकून ठेवली होती. फोडण्याचं बिल मंजूर झालं. वाढीव मुदतीचं मात्र अजून भिजत पडलंय.