ओढायची पट्टी अडकत असेल तर

हाताने केलेल्या कार्डात पट्टी ओढून चित्र हलवायचं असतं, पण कधी कधी पट्टी ओढली की फुलपाखरू अर्ध्यात अडकतं. त्याचं कारण बहुतेक वेळा पट्टी जिच्यातून सरकते ती चीर असते, पट्टीएवढीच कापली की घासते. पट्टी २ सेंमी रुंद असेल तर चीर २ मिमी तरी जास्त ठेवा आणि पट्टीचे कोपरे गोल कापा. दुसरं म्हणजे कार्डशीटला ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) असतो, कागद एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या घडीच्या रेषेला समांतर ग्रेन, पट्टी त्याच दिशेत लांब कापायची म्हणजे ढकलताना दुमडत नाही. गोंद पातळ असेल तर कागद फुगतो, मी डबल टेपच वापरते.

आईच्या पंचाहत्तरीला पॉप-अप, म्हणजे कार्ड उघडलं की उभा राहणारा, आकाशकंदील केला होता, घडीवर दोन सारख्या चिरा देऊन मधला भाग आत ढकलला की पायरी उभी राहते, तिच्या पुढच्या बाजूला कंदील चिकटवला. फक्त पायरीची खोली आणि कंदिलाची उंची मिळून कार्डाच्या अर्ध्या भागापेक्षा कमी हवी, नाहीतर कार्ड बंद केल्यावर कंदील बाहेर डोकावतो. आईने ते किती वेळा उघडझाप केलं, खूप बरं वाटलं बघून!