पावसाळ्यात डिकूपाजच्या डब्याचं झाकण चिकटतं, जर्नलची पानंही सुटत नाहीत

कागदकाम_बोरिवली

दोन ठिकाणी अडलंय, जाणकारांनी मार्ग सुचवावा.

एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) ८ बाय ६ इंचांचा डबा, बिजागरीचं झाकण. थेट एमडीएफवर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात, त्यावर नॅपकिनचं डिकूपाज (छापील चित्राचा कागद चिकटवून केलेली सजावट) पांढऱ्या ग्लूने, शेवटी ग्लॉस व्हार्निशचे दोन हात. एक दिवस वाळवून झाकण लावलं. चार दिवसांनी उघडलं तर कडेचा रंग नखाएवढ्या पापुद्र्यांनी सुटून झाकणाला गेला आणि खालचा तपकिरी एमडीएफ उघडा पडला. नॅपकिनला सुरकुत्याही आहेत.

दुसरं, शिवलेल्या वहीचं जर्नल. पानांवर जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा लेप), रंग, कोलाज. आता वही बंद होत नाही, वरचा पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकलाय, आणि पानं उघडताना चर्र आवाज करत सुटतात. प्रत्येक थर हेअर ड्रायरने वाळवला होता. ग्लू बदलू का?

रंगपेटी_गिरगाव

ग्लू बदलून काही साधणार नाही. हाताला कोरडं लागणं आणि थर पक्का होणं यांत फार अंतर आहे. अ‍ॅक्रिलिक तासाभरात कोरडं लागतं, कारण वरवरचं पाणी उडालेलं असतं. आतलं पाणी जायला आणि रंगाचे कण एकमेकांत पूर्ण मिसळायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यातून अ‍ॅक्रिलिक काय किंवा पांढरा ग्लू (पीव्हीए) काय, दोन्ही उबेने मऊ पडणारी प्लास्टिकं. जुलैत मुंबईची हवा ओलीच असते, त्यामुळे थर मऊ राहतो आणि दाबाखाली दोन थर एकमेकांत मुरतात. ग्लॉस जास्त धरतो, कारण तो गुळगुळीत असतो आणि पूर्ण टेकतो. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या व्हार्निशमध्ये बारीक पूड असते, तिच्यामुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो. टेकणाऱ्या कडांना मॅटच लावा.

आता झाकण. पापुद्रे तळापासून निघाले याचा अर्थ रंगाने एमडीएफला नीट धरलंच नव्हतं. कापलेल्या कडा स्पंजासारखं पाणी पितात आणि फुगतात. म्हणून आधी बिजागऱ्या काढा. कडांना पीव्हीए आणि पाणी समप्रमाणात मिसळून एक हात द्या, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग जेसोचे दोन पातळ हात, पहिला आडवा, दुसरा उभा. रंग त्याच्यानंतर.

झाकण जिथे टेकतं त्या कडेवर नॅपकिन अजिबात चढवू नका, आणि रंगाचा एकच पातळ हात पुरे. बिजागरीच्या बाजूची कड जाड झाली की झाकण पुढून फटीएवढं उघडं राहतं. ते दाबून बंद केलं की मागचे स्क्रू उपटतात, आणि एमडीएफमध्ये एकदा सैल झालेलं भोक पुन्हा पकड देत नाही. तसं झालंच असेल तर टूथपिकला ग्लू लावून भोकात घाला, वाळल्यावर सपाट कापा आणि त्यातच स्क्रू फिरवा.

शेवटी कडांवर बिनरंगाचं मेण, फर्निचरचं चालेल, कापडाने अगदी पातळ चोळा. पण मेण सगळ्यात शेवटी. मेणावर ना रंग बसतो ना व्हार्निश.

नॅपकिनवाली

सुरकुत्यांबद्दल. नॅपकिन तीन पदरी असेल तर फक्त छापील पदर घ्यायचा. दुसरा पदर राहिला तर तो ग्लू आत जाऊ देत नाही आणि महिन्याभरात चित्र सोलून येतं. ओल्या ग्लूवर हा पदर टाकला की तो पसरतो, आणि ब्रशने सरळ करायला जावं तर फाटतो. त्यापेक्षा इस्त्री वापरा.

पांढऱ्या जेसोवर पीव्हीएचे दोन पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्या, या दिवसांत रात्रभर. (तळ पांढराच हवा, ओला झाला की नॅपकिन पारदर्शक होतो आणि गडद रंगावर चित्र नाहीसं होतं.) त्यावर नॅपकिन, नॅपकिनवर बेकिंगचा बटर पेपर. इस्त्री मध्यम, वाफ बंद. मधून बाहेर, एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, घासू नका. रंगपेटी म्हणतात तसा हा ग्लू उबेने मऊ होतो, इथे नेमकी तीच गोष्ट कामी येते. गार झाल्याशिवाय बटर पेपर उचलू नका.

जाड स्क्रॅपबुक कागद असेल तर उलट करायचं. मागून ओल्या स्पंजाने पुसून दोन-तीन मिनिटं थांबायचं, कागद फुगायचा तेवढा फुगू द्यायचा, मग चिकटवायचा. कोरडा चिकटवला तर तो ग्लूतलं पाणी पिऊन जागेवरच फुगतो, तेच तुमचे बुडबुडे. चित्राचं प्रिंट घरच्या इंकजेटवर काढू नका, शाई पसरते. झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट घ्या.

पुठ्ठा_आणि_खळ

हेअर ड्रायरचा मुद्दा राहिला. गरम हवेने वर साय धरते आणि पाणी आत कोंडतं. टेक्श्चर पेस्ट अशीच तडकते. पंख्याखाली वाळवा, एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको.

वही जाड होणारच, म्हणून पानं आधी कमी करायची. शिवलेल्या वहीत प्रत्येक फर्म्याच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) मधलं जोडपान, म्हणजे दोऱ्याजवळचं, अख्खं काढा. अधलंमधलं एकेरी पान काढायचं तर शिवणीपाशी एक सेंटिमीटर पट्टी ठेवून कापा, नाहीतर त्याचं जोडीदार पान सुटून हातात येतं. नुसत्या ग्लूने बांधलेल्या वहीतून पानं काढाल तर कणा ढिला पडतो, ती या कामाला घेऊच नका. वहीचा ऐंशी जीएसएमचा (चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम वजनाचा) कागद जेसोने लाटेसारखा होतो. दोन-दोन पानं ग्लू स्टिकने एकमेकांना चिकटवून एक पान करा. नवीन बांधणार असाल तर २०० जीएसएमच्या पुढचा वॉटरकलर कागद किंवा सुती चिंध्यांचा हातकागद घ्या. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या कागदाच्या दुकानांत कागद हातात घेऊन, वाकवून बघता येतो.

पुठ्ठा बाहेरून वाकण्याचं कारण साधं आहे. आतल्या अस्तराचा कागद ओला चिकटवल्यावर वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आत खेचतो, त्याला तोलणारं बाहेर काही नसेल तर कडा आत वळतात. तुमच्याकडे उलट झालंय, म्हणजे बाहेर कोलाजचे थर जास्त आणि आत काहीच नाही. आतून तेवढ्याच वजनाचा कागद, ग्रेन (कागदाच्या तंतूंची दिशा) कण्याला समांतर ठेवून, चिकटवा. दोन्ही बाजूंना बटर पेपर लावून रात्रभर वजनाखाली ठेवा.

खळ वापरत असाल तर मोरचूद घातल्याशिवाय नाही, पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही तिच्यावर येतात. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा.

कागदकाम_बोरिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चिकटलेली पानं फाडू की कशी सोडवू? आणि मॅट स्प्रे मारला तर चालेल ना? झाकणावर पितळी फुलंही लावायची आहेत.

रंगपेटी_गिरगाव

पानं खेचू नका. वही पिशवीत घालून अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीने थर कडक होतो. मग डोसा उलथायच्या पातळ उलथन्यासारखं काहीतरी, बोथट, कोपऱ्यातून आडवं सरकवा. सुटलेल्या पानावर टाल्कम पावडर मऊ ब्रशने फिरवून झटका आणि पुढचे काही आठवडे प्रत्येक दोन पानांत बटर पेपर ठेवा.

स्प्रे धो-धो पावसाच्या दिवशी नको. हवेतली वाफ थरात अडकून पांढुरका ढग येतो. ऊन पडेपर्यंत थांबा, नाहीतर पाण्यातलं मॅट व्हार्निश ब्रशने लावा.

नॅपकिनवाली

फुलांना झटपट चिकटणारा सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने भोवती पांढरी झाक उमटते आणि गडद रंगावर ती लगेच दिसते. दोन ट्यूबवाला इपॉक्सी घ्या. फूल बसेल तेवढीच जागा व्हार्निशच्या आधी मास्किंग टेपने झाका आणि फुलाची पाठ पॉलिश पेपरने ओरखडून घ्या. चकचकीत व्हार्निशवर चिकटवलं तर फूल व्हार्निशसकट निघतं.