शब्दचर्चा : सोहं, ऐक्य, सायुज्य, सामरस्य… पत्रिकेत नेमका कोणता शब्द?

रंकाळाकाठ :
कोल्हापुरात श्रावणातल्या प्रवचनमालेची पत्रिका छापायची आहे. विषय : आपल्या आतलं पावित्र्य ओळखणं आणि ईश्वराशी असलेलं ऐक्य जाणणं. श्रोत्यांत वारकरी आहेत, पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारे दत्तभक्त आहेत, लिंगायत आणि जैन घरंही आहेत. मसुदा असा आहे : 'प्रत्येकाने स्वतःमधील पावित्र्यता ओळखून ईश्वराशी ऐक्यता साधावी. सोहम. अहं ब्रह्मा स्मि. तत्वमसि.' यात काय चुकलंय? आणि ऐक्य, सायुज्य, तादात्म्य, सामरस्य हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

अक्षरपेठ :
आधी लेखन बघू, कारण इथं अक्षर चुकलं की सिद्धान्तच बदलतो.

'पावित्र्यता' आणि 'ऐक्यता' यांत भाववाचक प्रत्यय दोनदा लागलाय. पवित्र – पवित्रता किंवा पावित्र्य. एक – एकता किंवा ऐक्य. दोन्हीपैकी एकच घ्या. जुन्या ओव्यांत 'सायुज्यता' सापडते, ती तिथं रूढ आहे, तिला हात लावू नका. पण आजच्या गद्यात 'सायुज्य' पुरे.

'तत्वमसि' नव्हे, 'तत्त्वमसि'. तत् + त्वम् + असि, म्हणजे 'ते तू आहेस'. पहिल्या शब्दाचा त् आणि दुसऱ्याचा त्, दोन्ही दिसले पाहिजेत. एक त् गेला की 'ते' तरी जातं किंवा 'तू' तरी.

सगळ्यात घातक चूक 'ब्रह्मा स्मि' ही. मूळ संधी ब्रह्म + अस्मि अशी आहे, अ आणि अ मिळून आ झालाय. 'ब्रह्म' नपुंसकलिंगी, म्हणजे परमतत्त्व. 'ब्रह्मा' म्हणजे चार तोंडांचा ब्रह्मदेव. मध्ये जागा सोडली की वाचणारा 'मी ब्रह्मदेव' असंच वाचणार. फ्लेक्सवर ओळ मावत नाही म्हणून हा शब्द नेहमी इथंच मोडला जातो. तोडायचाच असेल तर 'अहं' एका ओळीवर आणि 'ब्रह्मास्मि' अख्खा दुसऱ्या ओळीवर घ्या.

रंकाळाकाठ :
आणि 'सोहम'? पाय मोडायचा, अनुस्वार द्यायचा की अवग्रह?

अक्षरपेठ :
तिन्ही रूपांना आपापली जागा आहे. संस्कृत वाक्य म्हणून छापत असाल तर 'सोऽहम्'. सः + अहम् : ऱ्हस्व अ, त्याच्यापुढं विसर्ग, आणि नंतर पुन्हा ऱ्हस्व अ आला की विसर्गासकट मागच्या अ चा ओ होतो आणि पुढचा अ त्यात मुरतो. मुरलेल्या अ ची खूण म्हणजे तो ऽ. शिवः + अहम् = शिवोऽहम् हेही तसंच. अवग्रहाला वेगळा उच्चार नाही; तिथं थांबून 'सो… अहम' म्हणणं चूक.

मराठी ओवी-अभंगात 'सोहं'. अनुस्वाराचा उच्चार म् असाच. चालू मराठी गद्यात 'सोहम' चालतं, कारण अर्थात, विद्वान, परिषद यांसारखे मुळातले व्यंजनान्त शब्द आपण पाय न मोडता लिहितो. पत्रिकेच्या मजकुरात मात्र एकच रूप ठेवा.

छपाईला देताना एक तपासा : अवग्रहाचा टंक सापडला नाही की टंकलेखक इंग्रजी एस ठोकून मोकळे होतात. पडद्यावर फरक कळत नाही, फ्लेक्सवर हातभर मोठा दिसतो.

वाडीची वाट :
लेखन झालं, आता अर्थ. 'सोहं'चा मराठी अर्थ देताना 'तोच मी' द्या, 'मीच तो' देऊ नका. शब्द तेच, पण 'च' कुठं लागतो यावर सगळं आहे. 'मीच तो' मध्ये जोर माझ्यावर येतो आणि अहंकाराला पाट मांडून मिळतो. 'तोच मी' मध्ये आधी 'तो' आहे आणि माझी ओळख त्याच्यावरून ठरते. ईशावास्योपनिषदाच्या शेवटाकडं 'योऽसावसौ पुरुषः सोऽहमस्मि' आहे, तिथंही आधी 'तो पुरुष' दाखवलाय आणि मग 'मी' आलाय.

'मग मी देव, तर मला नियम कसले?' असं जो विचारतो, त्यानं 'मी' म्हणजे काय हे पाहिलेलंच नसतं. वेदान्ती यासाठी 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त, हे वाक्य वापरतात. आपल्या भाषेत : चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेला एक माणूस दिसला. तोच आषाढात छत्री घेऊन महाद्वार रोडवर भेटला. 'अरे, तोच हा!' असं म्हणताना चैत्र, गुलाल, डोंगर सुटतात, आषाढ, छत्री, रस्ता सुटतात, माणूस राहतो. 'तोच मी' म्हणताना असंच दोन्हीकडचं सोडावं लागतं. 'तो'कडचं जगाचं कर्तेपण आणि सर्वज्ञता सुटते, 'मी'कडचं नाव, वय, आडनाव, राग-लोभ सुटतात. उरतं ते चैतन्य, आणि ते एक आहे. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. ज्यानं आपल्याकडचं काहीच न सोडता नुसतं वाक्य उचललं, त्याचं वाक्य खोटं ठरतं.

शिरोळ-संगम :
'पावित्र्य' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. मूळ धातू 'पू', शुद्ध करणे. 'इत्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय, खणायचं ते खनित्र, तसं शुद्ध करायचं ते पवित्र. म्हणून धार्मिक कार्यात अनामिकेत घालायच्या दर्भाच्या वळ्याला आजही 'पवित्र'च म्हणतात. त्यामुळं या शब्दाला 'काहीतरी करून शुद्ध झालेलं' असा वास कायमचा आहे. शिवाय कानावर तो पडला की सोवळं-ओवळंच आठवतं. आतल्या शुद्धपणासाठी संत 'निर्मळ' म्हणतात, शास्त्रात 'शुद्ध-बुद्ध-मुक्त' म्हणतात.

हा फरक केवळ शब्दाचा नाही. आत्मा शुद्ध करायचा नसतो, तो आहेच. शुद्ध करायचं ते चित्त. चित्ताचे तीन दोष सांगितलेत आणि तिघांवर उपाय वेगळे आहेत. मल म्हणजे वासना, द्वेष, हाव. त्यावर निष्काम कर्म, सेवा. विक्षेप म्हणजे मनाची धावपळ. त्यावर उपासना, नामस्मरण, ध्यान. आवरण म्हणजे स्वरूपाचं अज्ञान. त्यावर ज्ञानच : श्रवण, मनन, निदिध्यासन (ऐकणं, त्यावर विचार करणं, त्यातच मन मुरवणं). 'ओळखणे' हे क्रियापद तिसऱ्या दोषाशी जुळतं, 'पवित्र होणे' हे पहिल्याशी. मसुद्यात दोन्हींची सरमिसळ झालीय. व्यवहारातही गोंधळ इथंच होतो. कुणी वर्षानुवर्षं सेवा करतो आणि 'ज्ञान का होत नाही?' म्हणून खंतावतो, कारण श्रवण-मनन कधी केलेलंच नसतं. उलट कुणी 'तत्त्वमसि'सारखी महावाक्यं पाठ करतो, पण भावाशी बांधाचं भांडण तसंच चालू. मल गेलेला नाही, म्हणून ऐकलेलं टिकत नाही.

सीमाभाग :
आता ऐक्य. इकडं गडहिंग्लज-निपाणीच्या पट्ट्यात 'ऐक्य' म्हटलं की लिंगायत घरांत दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, षट्स्थलातलं, म्हणजे वीरशैव साधनेच्या सहा पायऱ्यांतलं, सहावं स्थल : भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य. म्हणजे ही साधनेची पायरी आहे, जिवंतपणी गाठायची. दुसरी, निधनवार्तेतलं 'लिंगैक्य झाले'. त्यामुळं 'श्रोत्यांनी ऐक्य पावावे' असं छापलंत तर निम्मी मंडळी दचकतील! 'ऐक्य जाणावे' म्हणा, 'पावावे' नको.

सामरस्य हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. समरस + य. गोरक्षनाथांच्या परंपरेत पिंड (देह) आणि पद (परमपद) यांचं 'समरसकरण' आहे, वीरशैवांत 'लिंगांगसामरस्य' आहे : अंग म्हणजे जीव, लिंग म्हणजे शिव, दोघांचा रस एक होणं. यात कुणी कुणाला गिळत नाही. नाथ आणि शरण (वीरशैव) या दोन्ही धारांना हा शब्द आपला वाटतो, आणि आपल्या भागात दोन्ही धारा आहेत. 'समरसता' मात्र हल्ली सामाजिक अर्थानं वापरतात, म्हणून 'सामरस्य' हेच रूप घ्या.

अक्षरपेठ :
सायुज्याचा मूळ अर्थ मजेदार आहे. स + युज्, एकत्र जोडलेले. मुंडकोपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पाखरांना 'सयुजा सखाया' म्हटलंय. म्हणजे मुळात दोघं आहेत, जोडीनं आहेत. पुढं चार मुक्तींच्या यादीत (सलोकता म्हणजे देवाच्या लोकात राहणं, समीपता म्हणजे त्याच्याजवळ असणं, सरूपता म्हणजे त्याचं रूप मिळणं, आणि सायुज्य) तो शेवटचा आणि सर्वांत वरचा झाला. दासबोधात चौथ्या दशकाचा दहावा समास याच विषयाला दिलाय आणि त्याच्या आधीचा, नववा, आत्मनिवेदनाला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे : आधी 'मी' वाहून टाकायचा, मग मुक्तीची भाषा. त्या नवव्या समासातच 'भक्त म्हणिजे विभक्त नव्हे' ही नेमकी व्याख्या आहे.

तादात्म्य इथं वापरूच नका. आज 'भूमिकेशी तादात्म्य' असा वापर आहे, आणि वेदान्तात तर 'देहतादात्म्य', म्हणजे देहालाच 'मी' मानणं, हा रोग आहे, औषध नव्हे.

माळावरचा वारकरी :
वारकऱ्यांच्या बाजूनं एक सांगतो, बघा पटतंय का. सप्ताहाची सांगता 'हेचि दान देगा देवा' म्हणून होते. त्यात तुकोबा मुक्ती नको म्हणतात, संतसंग मागतात, गर्भवास चालेल म्हणतात. त्या मंडपाच्या दारावर 'सायुज्यप्राप्तीसाठी' असा फलक लावला तर आत एक आणि बाहेर एक होतं. याचा अर्थ वारकऱ्याला अद्वैत नको असा नाही. ज्ञानेश्वरीची पहिली ओवीच 'स्वसंवेद्या आत्मरूपा' अशी हाक मारते. ज्याला नमस्कार करायचा तो आपलंच आत्मरूप, आणि तरी नमस्कार होतोच. एकपण कळूनही भजनाची गोडी सोडायची नाही, हे वारकऱ्याचं म्हणणं. 'एकरूप' हा शब्द आम्हाला चालतो. 'अद्वैत'ही चालतो, कारण तो फक्त 'दोन नाहीत' एवढंच म्हणतो.

वस्तुस्वभाव :
जैन श्रोत्यांचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. आमच्याकडं प्राकृतात 'अप्पा सो परमप्पा' म्हणतात : आत्मा तोच परमात्मा. (आपल्याकडं अप्पा ही वडीलधाऱ्यांना हाक असते, तिचा इथं संबंध नाही, अप्पा म्हणजे आत्मा.) ऐकायला 'सोहं'सारखंच वाटतं, पण मांडणी निराळी. बहिरात्मा, अंतरात्मा, परमात्मा या एकाच जीवाच्या तीन अवस्था. कर्मं झडली की जीव स्वतःच परमात्मा होतो. कुठल्या एका ईश्वरात मिसळत नाही. सिद्ध, म्हणजे असे मुक्त झालेले जीव, अनंत आहेत आणि प्रत्येकाचं अस्तित्व वेगळं राहतं. त्यामुळं 'ईश्वराशी ऐक्य' हे शब्द जैन सिद्धान्तात बसत नाहीत, 'स्वतःचा शुद्ध स्वभाव ओळखणे' हे पूर्ण बसतं.

शिरोळ-संगम :
मग सर्वांना चालेल असं एकच वाक्य : 'आपले मूळ शुद्ध स्वरूप ओळखावे.' ईश्वराचा उल्लेख प्रवचनकार आपापल्या परंपरेप्रमाणं करतील. एका दिवशी सामरस्य, एका दिवशी सोहं, एका दिवशी अभंग. 'साधावी', 'प्राप्त करावे' ही क्रियापदं काढा. नसलेली वस्तू प्राप्त होते; असलेली ओळखू येते.

रंकाळाकाठ :
पटलं, हेच घेतो. शेवटच्या दिवशी सोहं ध्यान आहे. श्वास आत घेताना 'सो' की 'हं'? दोन्ही ऐकायला मिळतं.

वाडीची वाट :
योगग्रंथांत 'हकारेण बहिर्याति सकारेण विशेत्पुनः' असं आहे. बाहेर जाताना ह, आत येताना स. म्हणून आत 'सो', बाहेर 'हं'. सलग चाललं की 'हं-सः' असंही ऐकू येतं, म्हणून याला हंसमंत्र म्हणतात. जपावा लागत नाही, आपसूक चालतो, म्हणून अजपा. दिवसरात्रीत 21,600 असा आकडा दिलाय. 24 तासांनी भागा, तासाला 900, मिनिटाला 15. स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास साधारण 12 ते 20 असतो, त्यात हे बसतं. हा आकडा पुरा करायचं लक्ष्य नाही.

कृती साधी. पाठ सरळ, खांदे सैल, तोंड मिटलेलं. पहिली दोनतीन मिनिटं नुसता श्वास बघायचा. मग श्वास आत येतोय तिथं 'सो' ऐकायचं, बाहेर जातोय तिथं 'हं'. ओठ, जीभ, गळा हलवायचा नाही. नवख्यांनी 10 मिनिटं पुरे. बहुतेकांची चूक एकच : शब्द लांबवतात आणि श्वासाला त्याच्यामागं फरफटवतात. श्वास जोरात आणि खोल होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. काहींना तोच अनुभव वाटतो. तसं झालं की शब्द सोडून द्यायचा, श्वास आपल्या चालीवर येऊ द्यायचा आणि मग पुन्हा ऐकायचं. श्वास पुढं, शब्द मागं.

सीमाभाग :
आणि अर्थासकट ऐकायचं, नाहीतर ती नुसती श्वासाची मोजणी होते. कणेरी मठाच्या काडसिद्धेश्वर महाराजांना ज्यांच्याकडून बोध मिळाला त्या सिद्धरामेश्वर महाराजांच्या इंचगेरी परंपरेत दोन वाटा सांगतात : पिपीलिकामार्ग, मुंगीसारखा, ध्यान आणि जप करत हळूहळू, आणि विहंगममार्ग, पाखरासारखा, विचारानं थेट. सोहं दोन्हींत बसतो. जपला तर मुंगीची वाट, 'तो कोण, मी कोण' असा शोधला तर पाखराची. तिथं स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चार देह एकेक तपासून 'हा मी नव्हे' म्हणत मागं जायचं असतं. आणि 'मी ब्रह्म' ही जाणीवही शेवटचा मुक्काम धरत नाहीत. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानखंडनानंतर ज्ञानखंडनाचं प्रकरण वेगळं लिहिलंय, ते याच कारणानं. अज्ञान घालवायला आलेलं ज्ञानही 'मला ज्ञान झालं' म्हणून मागं उरू द्यायचं नाही.

रंकाळाकाठ :
एक राहिलं. 'सोहंचा जप' की 'सोहमचा'? आणि सोहंभाव जोडून की तोडून?

अक्षरपेठ :
पत्रिकेत 'सोहं' धरलंत तर सोहंचा, सोहंला, सोहंभाव, सोहंध्यान, सगळे जोडून. 'सोऽहम्' धरलंत तर ते अवतरणात ठेवा आणि पुढं 'हा मंत्र', 'या मंत्राचा' असं लिहा, म्हणजे पाय मोडलेल्या म् ला प्रत्यय चिकटवायची वेळ येत नाही. मुद्रित मजकुरासाठी मी 'सोहं' घेईन. मथळ्यात एकदा अवग्रहासह 'सोऽहम्'. मसुदा छापखान्यात गेल्यावर कागदावरचं प्रूफ मागवा, मोबाइलवरच्या चित्रात ऽ आणि एस यांतला फरक दिसत नाही.